मुलांच्या जबड्यावरची प्रत्येक सूज किडलेल्या दाढेची नसते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की शालेय आरोग्य तपासणीच्या बातम्या आपल्या दैनिकात येऊ लागतात. किती मुलांना चष्मा लागला, किती मुलांचे दात किडलेले निघाले, असे आकडे त्यांत असतात. त्या वाचताना एक गोष्ट दरवर्षी लिहावीशी वाटते आणि राहून जाते. यंदा ती लिहून पाठवत आहे.

मी एका दंत महाविद्यालयात मुखविकृतिशास्त्र शिकवत होते. तोंडातून किंवा जबड्यातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तो कसला आहे ते सांगायचे, हे माझे काम. रुग्ण माझ्यासमोर क्वचितच येई. येई ती फॉर्मॅलिनची बाटली आणि तिच्याभोवती रबरबँडने गुंडाळलेला कागद. तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरच्या बाटल्या रोजच्याच असत. लहान मुलांच्या जबड्यातील गाठींच्या बाटल्या त्या मानाने फार थोड्या, पण माझी झोप त्यांनीच अधिक वेळा उडवली, कारण त्यांत चुकायला जागा फार असते आणि चुकीची किंमत त्या मुलाला पुढची पन्नास-साठ वर्षे चेहऱ्यावर वागवावी लागते.

मुलांच्या जबड्यात होणाऱ्या बहुसंख्य गाठी कॅन्सरच्या नसतात. वैद्यकीय मराठीत त्यांना ‘सौम्य’ म्हणतात. हा शब्द मला कधीच पटला नाही, कारण ‘सौम्य आहे’ असे ऐकले की पालक निर्धास्त होतात आणि पुढची तारीख चुकवतात. ही गाठ शरीरात इतरत्र पसरत नाही एवढाच त्या शब्दाचा अर्थ. ती हाड आतून पोखरू शकते, कायमचे दात जागेवरून ढकलते आणि काढल्यावर पुन्हा उगवू शकते. त्यातच सहा-सात वर्षांच्या मुलाचा जबडा म्हणजे दातांनी गच्च भरलेली पेटी असते. वर दुधाचे दात दिसत असतात आणि खाली हाडात त्याहून अधिक कायमचे दात घडत असतात. दात ज्या पेशींपासून घडतो त्याच पेशींपासून यांतल्या कितीतरी गाठी निघतात. काही अगदी निरुपद्रवी असतात. ओडोन्टोमा म्हणजे दाताच्याच द्रव्याचा वेडावाकडा गोळा किंवा इवल्या इवल्या दातांची पुरचुंडी. बहुधा एखादा कायमचा दात वेळेवर का आला नाही हे पाहताना ती सापडते, काढली की प्रश्न मिटतो. अमेलोब्लास्टोमासारखी गाठ मात्र हाडात मुळे पसरल्यासारखी शिरते.

एक उदाहरण सांगते. मुलगी दहा वर्षांची, पाचवीत शिकणारी, घरी कोरडवाहू शेती. खालच्या जबड्याला, हनुवटीच्या डाव्या बाजूला सूज आली. दुखत नव्हते, तापही नव्हता. आधी गालगुंड समजून हळदीचा लेप लावून झाला. मग गावात अँटिबायोटिकचा एक कोर्स, तालुक्याच्या ठिकाणी दुसरा, आणि पुन्हा तिसरा. सूज उतरेना तेव्हा दुधाच्या दोन दाढा काढल्या. आईने त्या दोन्ही दाढा वहीच्या कागदाच्या पुडीत जपून ठेवल्या होत्या आणि पुढे माझ्या टेबलावर ती पुडी उलगडून दाखवली. दोन्ही दाढा पांढऱ्याशुभ्र, काळा ठिपकासुद्धा नाही. मुलाची न किडलेली दाढ सुजेवरचा उपाय म्हणून काढली जाते, तेव्हा कुणीतरी एक्स-रे काढायचा विसरलेले असते.

या मुलीचा तुकडा माझ्याकडे आला तो इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत, फॉर्मॅलिनऐवजी सलाइनमध्ये. कागदावर तीनच शब्द होते: जबड्याची गाठ, तातडीचे. सलाइनमध्ये तुकडा टिकत नाही, आतल्या पेशी सडू लागतात. तो १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या निदान दहापट द्रवात बुडवून पाठवायचा असतो. सुदैवाने बाटली त्याच दिवशी पोहोचली होती. स्लाइडवर दिसले ते असे: लांबट, तर्कूच्या आकाराच्या पेशींची दाटी, मध्ये मध्ये रक्तस्रावाची तळी, आणि त्या तळ्यांच्या काठाने बसलेल्या प्रचंड पेशी, एकेकीत दहा-दहा, वीस-वीस केंद्रके. आमच्या विषयात त्यांना महापेशी म्हणतात. ‘महापेशी असलेली गाठ’ एवढे लिहून मी सही केली असती तर रिपोर्ट खोटा ठरला नसता, पण तो निरुपयोगी ठरला असता.

कारण हे असे. स्लाइडवर हुबेहूब हेच चित्र किमान तीन वेगळ्या आजारांत दिसते आणि तिन्हींचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जातात. एक म्हणजे सेंट्रल जायंट सेल ग्रॅन्युलोमा, जो मुलांत आणि तरुणांत होतो, बहुधा खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात, आणि तिथेच त्याचा बंदोबस्त करावा लागतो. दुसरा चेरुबिझम, ज्याचे वर्णन १९३३ साली पहिल्यांदा झाले. तो बहुतेक वेळा घराण्यात चालत येतो, जबड्याच्या दोन्ही बाजू सुजतात, गाल इतके भरतात की मूल सतत वर पाहते आहे असे वाटते, आणि वयात आल्यावर तो हळूहळू आपण होऊन ओसरू लागतो. म्हणून बहुतेक मुलांत शस्त्रक्रियेची घाई न करणे हाच उपचार असतो. तिसऱ्या आजारात दोष जबड्यात नसतोच. गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यांचा स्राव प्रमाणाबाहेर वाढला, मग तो ग्रंथीतल्या गाठीमुळे असो की मूत्रपिंडाच्या जुन्या आजारामुळे, की शरीर हाडांतले कॅल्शियम ओढून घेते आणि जबड्यात अशीच गाठ तयार होते. मूळ दोष दूर केला की ती अनेकदा हात न लावता भरून येते. जबडा कितीही खरवडला तरी मूळ तसेच राहते. हे तीन आजार सूक्ष्मदर्शक वेगळे करू शकत नाही. ते वेगळे होतात एक्स-रे, घरच्यांची चौकशी आणि रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज व पॅराथायरॉइड हार्मोन यांच्या तपासण्यांनी, आणि या तपासण्या कुठल्याही जिल्ह्याच्या ठिकाणी होतात.

मी तुकडा पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करून एक्स-रे मागवला. एक्स-रे काढलाच नव्हता. मग ओपीजी काढला. त्यात मूल पंधरा-एक सेकंद स्थिर उभे राहते आणि दोन्ही जबडे एका फिल्मवर येतात. डाव्या दाढेपासून हनुवटीचा मध्य ओलांडून पलीकडे गेलेला काळा पोकळ पट्टा त्यात दिसला, दात दोन्ही बाजूंना रेटलेले होते, पण जबड्याची मागची दोन्ही टोके निरोगी होती, म्हणजे चेरुबिझम नव्हता. रक्ताचे रिपोर्ट ठीक आले, म्हणजे पॅराथायरॉइडचा दोषही नव्हता. उरला तो सेंट्रल जायंट सेल ग्रॅन्युलोमा. तोवर तिच्या वडिलांना एका ठिकाणी सांगितले गेले होते की अर्धा जबडा काढावा लागेल, आणि त्यांनी बैल विकायची तयारी केली होती. एका सरकारी रुग्णालयातील मुखशल्यचिकित्सकांनी तसे केले नाही. त्यांनी गाठीतच स्टेरॉइडची इंजेक्शने दिली, आठवड्याला एक अशी सहा. पुढच्या काही महिन्यांत फिल्मवरचा काळा भाग कडांकडून पांढुरका होत गेला, म्हणजे हाड भरू लागले. जे उरले ते त्यांनी भूल देऊन खरवडून काढले. एक कायमची उपदाढ वाचली नाही. जबडा वाचला.

इंजेक्शनांचा उपाय प्रत्येकाला लागू पडतो असे मुळीच नाही. काही गाठी आक्रमक असतात, फार झपाट्याने वाढतात, दातांची मुळे खातात, खरवडल्यावर पुन्हा येतात, आणि तिथे मोठी शस्त्रक्रिया करावीच लागते. हल्ली हाड खाणाऱ्या पेशींना आवरणारे डेनोसुमॅबसारखे औषधही वापरले जाते, पण वाढत्या मुलात ते थांबवल्यावर रक्तातील कॅल्शियम एकाएकी धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकते, त्यामुळे ते देणाऱ्याने महिनोन्‌महिने लक्ष ठेवायची तयारी ठेवावी लागते. उपचार निवडण्याआधी काय निवडायचे आहे ते माहीत असावे लागते, आणि त्याला निदान लागते, एवढेच मला म्हणायचे आहे.

उलट बाजूची चूकही होते. वाढत्या दाताच्या मुळाशी मऊ, जेलीसारखा ऊतींचा गोळा असतो; दात काढताना तो हाती लागला आणि वय किंवा एक्स-रे न कळवता प्रयोगशाळेत पाठवला, तर स्लाइडवर तो मिक्सोमा या हाड पोखरणाऱ्या गाठीसारखा दिसू शकतो. निरोगी मुलाच्या निरोगी दातकोंबाला गाठ ठरवून शस्त्रक्रिया सुचवली जाण्याचा धोका आमच्या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जातो. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असे की फॉर्मवर वय नसेल, फिल्म सोबत नसेल, तर सही करण्याआधी फोन उचला.

दुसरे उदाहरण लिहिताना मला अजूनही त्रास होतो. मुलगा तेरा वर्षांचा होता. खालच्या जबड्यात मागे, अक्कलदाढेच्या जागी पाण्याने भरलेली पिशवी होती. एका दवाखान्यात ती काढली, टाके घातले, मुलगा घरी गेला. पिशवी तपासायला पाठवली नाही, टाकून दिली. वडिलांकडे फक्त बिल होते. तीन वर्षांनी मुलगा आमच्याकडे आला तेव्हा जबड्याचा कोन बोटाने दाबल्यावर अंड्याचे कवच चुरचुरावे तसे हाड दबत होते. तुकड्याचा रिपोर्ट अमेलोब्लास्टोमा. लहान वयात ही गाठ पुष्कळदा एकाच पिशवीच्या रूपात असते आणि साध्या दंतपिशवीहून फिल्मवर वेगळी दिसत नाही. पिशवीचे संपूर्ण अस्तर तपासले तरच कळते, नुसता एक कोपरा तपासून कधी कधी कळत नाही. सोळाव्या वर्षी त्या मुलाचा जबडा कोनापासून उपदाढेपर्यंत कापावा लागला आणि पायाच्या नळीशेजारचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह काढून तिथे जोडावे लागले. ही शस्त्रक्रिया १९८९ पासून जबड्यासाठी केली जाते, आणि आपल्याकडचे शल्यचिकित्सकही ती उत्तम करतात. पण ते हाड फार लहान मुलाच्या पायातून घेतले तर घोटा वाकडा होण्याची भीती असते, आणि बसवलेल्या हाडात पक्के दात रोवण्यासाठी चेहऱ्याची वाढ पुरी होईपर्यंत थांबावे लागते. हे सगळे टाळण्यासाठी त्या पहिल्या दिवशी एक फॉर्मॅलिनची बाटली हवी होती. दवाखान्याचे नाव मी लिहीत नाही, कारण काढलेला तुकडा कचऱ्यात जाण्याची सवय एकाच ठिकाणची नाही.

तेराव्या वर्षीच निदान झाले असते तर त्या मुलाला सौम्य वाट मिळण्याची शक्यता होती. अशा पिशवीला तोंडातून खिडकी करून नळी बसवतात, आतला दाब उतरतो आणि काही महिन्यांत पिशवी आक्रसते, तिच्याभोवती नवे हाड धरते. मग उरलेली लहानशी पिशवी काढणे सोपे जाते, जबड्यातली संवेदनेची नसही वाचते. या काळात रोज दोन-तीन वेळा सिरिंजने मिठाच्या पाण्याची पिचकारी मारून पोकळी धुवावी लागते, आणि हे काम घरी आई करते. मी अशी एक आई पाहिली आहे जिने आठ महिने एकही दिवस चुकवला नाही; तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर दररोज तीन फुल्या मारल्या होत्या आणि ते कॅलेंडर ती तपासणीला येताना गुंडाळून घेऊन आली होती. गेल्या दहा-बारा वर्षांत अमेलोब्लास्टोमाच्या जनुकांतला दोषही कळला आहे. २०१४ साली त्यातील बीआरएएफ जनुकाचा बदल उजेडात आला आणि त्यावर चालणाऱ्या गोळ्यांनी गाठ आधी लहान करून जबडा वाचवण्याचे प्रयत्न सुरू झाले आहेत. ही अजून नेहमीची वाट झालेली नाही, पण ज्याचा तुकडाच तपासला गेला नाही त्याला ती कधीच मिळणार नाही.

आतापर्यंत घाई करू नका असे लिहिले. घाई कुठे करायची तेही लिहायला हवे. काही महिन्यांच्या तान्ह्या बाळाच्या वरच्या जबड्याला पुढच्या बाजूला निळसर-काळपट फुगवटा आला आणि तो आठवड्यागणिक वाढत असेल तर थांबू नये. १९१८ पासून ज्ञात असलेली, रंगद्रव्याच्या पेशींची ही एक दुर्मिळ गाठ असू शकते. ती बहुधा कॅन्सरची नसते, पण तिची वाढ छातीत धडकी भरवणारी असते आणि ती लवकर, पूर्णपणे काढावी लागते. याउलट जन्मतःच बाळाच्या हिरडीवर लोंबणारी गुळगुळीत गुलाबी गाठ पाहून घरचे घाबरतात. मुलींत ती अधिक आढळते, दूध पिण्यास अडथळा होत असेल तर काढतात आणि काढल्यावर ती पुन्हा येत नाही. आणि हिरडीतून वारंवार रक्त येत असेल, दात हलत असेल, हाताला ठोके जाणवत असतील, तर तो दात कृपया कुणीही ओढू नये. हाडात रक्तवाहिन्यांचे जाळे असू शकते आणि एक दात काढल्याने जिवावर बेतू शकते. म्हणूनच जबड्यातल्या कोणत्याही पोकळीतून तुकडा घेण्याआधी जाड सुई घालून आत पाणी आहे, घट्ट ऊती आहेत की रक्त, हे पाहण्याची शिस्त आहे.

‘सुई लावली की गाठ चिघळते’ ही समजूत मी उभ्या नोकरीत ऐकली. तुकडा काढल्याने या गाठी कॅन्सरमध्ये बदलत नाहीत. पालकांना हे शिक्षकांनी, आशाताईंनी आणि गावच्या डॉक्टरांनी सांगितले तर ते ऐकतात. आमच्यासारख्यांचे ऐकायला ते पोहोचतात तेव्हा उशीर झालेला असतो.

उपचारानंतरचा काळ हा माझ्या मते सगळ्यांत दुबळा दुवा आहे. या गाठींपैकी काही पाच-पाच, दहा-दहा वर्षांनी परत येतात, म्हणून ठरावीक काळाने फिल्म काढून पाहावी लागते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला दिवाळीनंतरची तारीख देणे म्हणजे तारीख न देण्यासारखेच आहे, कारण तेव्हा ते कारखान्याच्या फडावर असते. तारखा हंगाम पाहून द्याव्यात, आणि फिल्म व रिपोर्टची एक प्रत पालकांच्या हाती असावी. आता बहुतेकांच्या घरी मोबाइल आहे. रिपोर्टचा फोटो काढून ठेवा एवढे सांगायला अर्धा मिनिट लागतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुले तपासतात, आणि तपासायच्या आजारांत दातांचे आजारही आहेत. म्हणजे नवी योजना काढायची गरज नाही. मी पाहिलेल्या तपासण्यांत मुलाला ‘आ’ करायला सांगून किडलेले दात पाहिले जातात आणि पुढचे मूल समोर येते. त्याच वेळी दोन बोटे खालच्या जबड्याच्या कडेवरून एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत फिरवली, गाल आतून-बाहेरून चाचपला, चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते पाहिले आणि वयाच्या मानाने कुठला दात यायचा राहिला आहे ते मोजले, तर पाऊण मिनिटाचे काम आहे. एका बाजूची, सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी कायमची दाढ आली आणि दुसऱ्या बाजूची वर्ष झाले तरी आली नाही, तर त्या मुलाला ओपीजीसाठी पाठवायला हवे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आहे, गोव्यात बांबोळीला आहे. या सर्व ठिकाणी तुकडा तपासणारे विभाग आणि शस्त्रक्रिया करणारे विभाग एकाच आवारात असतात, ही सोय पालकांना माहीत नसते.

आरोग्य विभागाला माझी विनंती आहे की येत्या शैक्षणिक वर्षापासून तपासणी पथकांच्या प्रशिक्षणात ही दोन बोटांची तपासणी घालावी आणि मुलाच्या कार्डावर ‘जबडा’ असा एक वेगळा रकाना ठेवावा. दंतवैद्यक व्यवसायातील माझ्या बंधुभगिनींना विनंती आहे की मुलाची सूज अँटिबायोटिकच्या एका कोर्सने उतरली नाही तर दुसऱ्या कोर्सआधी फिल्म काढावी, आणि जबड्यातून जे काही निघेल ते, कितीही साधे वाटले तरी, वय आणि फिल्मसह बाटलीत घालून पाठवावे. बाटलीत फॉर्मॅलिन असावे, सलाइन नव्हे.

आपली नम्र,
एक निवृत्त मुखविकृतितज्ज्ञ, सातारा